शेवंताचा काळा चष्मा

शेवंता गेल्याचा फोन तिच्या मुलीनं, मनीषानं केला. "मावशी, आई गेली गो..." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "कुणी सांगितलं तुला?" पोरगी आईच्या उशाशी बसून रडतेय आणि मी तिच्याकडे पुरावा मागतेय! अशी मी. संशय माझ्या हाडीमाशी आहे. नवरा जरा हसून बोलला तरी विचारते, काय लपवतोयस?

शेवंता आणि मी कितीतरी वर्षं भागीत मासळी घ्यायचो. लिलावात माल ती धरायची, बाजारात मी विकायचे. आमच्या बंदरावर होड्या लागल्या की संध्याकाळी वाळूतच लिलाव होतो. लिलाववाला भाव पुकारतो, पण घेणारणी तोंड उघडत नाहीत. शेजारणीला कळू नये म्हणून एक डोळा हलकेच मिटायचा, झाला होकार. यात शेवंताचा हात धरणारी कुणी नव्हती.

मग अचानक बाई काळा चष्मा लावून यायला लागली. "उजेड सोसत नाय गो, पारू. डोळेच मिटतात." मला काही पटेना. सकाळी हीच बाई टकाटका बघत सुरमई कापते आणि दुपार टळली की हिला उजेड सोसत नाही? कधी डाव्या डोळ्यावर बर्फाचा खडा धरून बसायची, आणि जरा वेळानं लोंबलेली पापणी वर! बर्फानं बरं होणारं दुखणं मी तरी ऐकलं नव्हतं. मनात म्हटलं, नाटकं सगळी.

लिलावात मात्र चष्मा चालत नाही, डोळा दिसायला हवा. एके दिवशी तिनं चष्मा कपाळावर सरकवला. मावळतीचं ऊन पाण्यावरून थेट तोंडावर येत होतं. बघते तर काय, कुणालाही नको असलेली नरम बांगड्याची रास आमच्या गळ्यात! दोन दिवसांनी परत तेच. आणि दोन्ही वेळा होडी तिच्या मावसभावाची. झालं, मी काय ते समजले.

सगळे पांगल्यावर मी तिला होडीआड गाठलं. "चष्मा काढ. डोळ्यात डोळा घालून सांग, भावाचा सडका माल माझ्या माथी मारतेस ना?" तिनं चष्मा काढला आणि उन्हाकडे तोंड करून उभी राहिली... डावी पापणी हळूहळू खाली आली, मग उजवी. बोटानं ती वर धरायला बघत होती. "मी डोळा मिटला नाय गो. तो आपला आपण मिटतो."

"चोर आहेस तू," मी म्हटलं आणि टोपली उचलून चालू पडले.

पुढे कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, मायस्थेनिया. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, दिवस चढेल तसे स्नायू थकतात. पापण्या तर सगळ्यात आधी. प्रखर उजेडात, उकाड्यात जास्त, आणि थंडाव्यानं थोडा वेळ सावरतात. म्हणजे चष्मा खरा होता, बर्फ खरा होता. खोटी एकटी मी. मग मी तिच्याकडे जायला लागले, अंधाऱ्या खोलीत बसून बंदरावरच्या गप्पा सांगायचे. पण 'चुकले' एवढा एक शब्द काही जिभेवर आला नाही. तिनंही तो विषय कधी काढला नाही. त्याचाही मला संशय यायचा, मनात धरून तर बसली नाही ना? शेवटी श्वासाचे स्नायूच थकले, आणि विचारायचं राहून गेलं. मेलं माझं तोंड!

बाराव्याला मी बोलणी खायच्या तयारीनं गेले. मनीषानं मला आईच्या खोलीत बसवलं. खिडकीवर गोधडी अजून तशीच ठोकलेली. चहा देऊन म्हणाली, "मावशी, आई नेहमी सांगायची, पारूनंच चष्मा काढायला लावून माझे डोळे बघितले. तीच मला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. पहिला विश्वास तिनं ठेवला."

गोधडीच्या कडेनं उजेडाची एक रेघ चहात पडली होती. मी तो चहा प्यायले आणि घरी आले. तिथंही बोलले नाही, म्हणून इथं लिहिते. मनीषा, तुझी आई माझ्यासाठी खोटं बोलली गो. मी तिला चोर म्हटलं होतं. डॉक्टरकडे ती एकटीच गेली.