गळ्याशप्पथ न घेता

भवानी पेठेतल्या आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत दुपारी ऊन तिरकं उतरतं आणि शेजारच्या यंत्रमागांची खटखट भिंतीतून झिरपत राहते. डोळा लागावा असंच सगळं. तिथंच त्या मुलीची नि माझी ओळख झाली. ती खरी नव्हती. एआयनं घडवलेली, पडद्यावरची, दोन वेण्यांची पोर. मुलावर अत्याचार होतोय असा संशय आला तर शिक्षकानं कसं बोलायचं, कुणाला कळवायचं, याचा सराव तिच्यासमोर बसून करायचा होता.

मला आधी रागच आला. पोरं सांभाळता सांभाळता केस पिकले, आता यंत्र मला शिकवणार? शिकवा म्हटलं, बघू.

ती बोलायला लागली तशी मात्र मी सगळं विसरले. रिबिनीचं टोक चावत म्हणाली, घरी येणारे एक काका आवडत नाहीत. मग हळूच विचारलं, कुणाला सांगणार नाही ना बाई? माझा हात आपसूक गळ्याकडं गेला. आमच्याकडं असंच असतं की. गळ्याची कातडी चिमटीत धरल्याशिवाय पोरांचा विश्वास बसत नाही. गळ्याशप्पथ, मी म्हणाले.

पडदा थांबला. खाली अक्षरं उमटली: पाळता येणार नाही असं वचन दिलंत. मुलीनं सांगितलेलं पोलिसांना कळवणं तुम्हाला कायद्यानं भाग आहे. मी तडकलेच. मेल्या यंत्राला गळा तरी आहे का! प्रशिक्षण देणाऱ्या बाई नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, पुन्हा बसा.

बसले पुन्हा. मग ती पडद्यावरची पोर माझ्या दुपारच्या झोपेतही यायला लागली. मागांच्या खटखटीत वेण्या हलवत उभी, आणि मी हात मांडीखाली दाबून बसलेली. जाग यायची तेव्हा हाताला खरंच मुंग्या आलेल्या असायच्या.

उन्हाळा तापायला लागला त्या सुमारास, माझ्याच वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा न उघडता टेबलाशी येऊन थांबली. शिकवणीला जायचं नाही म्हणाली. तिथले सर कसे वागतात ते अर्धंच सांगितलं आणि अडली. मला वाटलं, मी झोपेतच आहे. पुढचं वाक्य मला पाठ होतं.

"कुणाला सांगणार नाही ना, बाई? गळ्याशप्पथ?"

हात उठला. मी तो टेबलावर घट्ट ठेवला. लई भीती वाटली, खोटं कशाला बोलू? नाही म्हटलं आणि पोर पुन्हा कधी बोललीच नाही तर?

"शपथ नाही घेणार गं," मी म्हणाले. "हे थांबवू शकतात त्यांना मला सांगावंच लागेल. कुणाला सांगणार ते आधी तुला सांगीन. आणि यात तुझी काही चूक नाही."

ती वळून दाराकडं गेली. गेली बाई, आता गेली. पण तिनं दार नुसतं लोटून घेतलं आणि येऊन माझ्याशेजारी बसली. मग सगळं सांगितलं. मी मध्ये फारसं काही विचारलं नाही, तेवढं त्या पडद्यानं शिकवलं होतं.

मुख्याध्यापकांना घेऊन पोलीस ठाण्यात जाते म्हणून मी उठले, तेव्हा तिनं माझा पदर धरला.

"मला आईनं शपथ घातलीय, कुणाला सांगायचं नाही म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही घेतली नाही ना? मग तुम्ही सांगा."