भोळ्या आणि वस्ताद

खर्र खर्र, खर्र खर्र! लहानपणी रानात पावडर धुरळायचं यंत्र असं वाजायचं. वडील म्हणायचे, "झालं अळीचं काम तमाम!" पुढं मी लातूरला कीटकांच्या लॅबमध्ये अळ्या पोसायला लागलो आणि कळलं, तमाम काही होत नसतं. तिथले किस्से म्हणजे कडब्याची गंजी. एक पेंढी ओढली की चार घसरतात!

*

हरभऱ्यावरची घाटेअळी शेजारणीलाच खाते. म्हणून प्रत्येकीला वेगळी डबी. खायला हरभऱ्याच्या पिठाची वडी. एकदा नवे क्लार्क आले, टेबलावरची वडी उचलून तोंडात टाकली. मला म्हणाले, "मामा, मीठ कमी पडलंय!"

*

आमच्याकडं अळ्यांची दोन घराणी. एक शेतातून आणलेलं, औषधाला न जुमानणारं, त्या वस्ताद. दुसरं पिढ्यान्‌पिढ्या लॅबमध्येच वाढलेलं, औषधाचा वासही न लागलेलं, त्या भोळ्या. भोकरच्या सुजाता मॅडमची पीएचडी या दोन घराण्यांवर. विष मोडणारा रस वस्तादांच्या पोटात जास्त का तयार होतो, ते जनुकांत शोधायचं. विष न पचणाऱ्या भोळ्याच नसल्या तर ताडून बघायचं कशाशी?

उदगीरचे एक शेतकरी हे ऐकत होते. म्हणाले, "म्हंजी अळीचं लिव्हर लई दणकट हाय म्हणा की!"

"हाव काका," मॅडम म्हणाल्या. "अन् लेकरांनाबी तसंच देऊन जाते."

"आमच्या लेकरानं माझं नुसतं टक्कल घेतलं बघा!"

*

आमचे सर शिस्तीचे. भोळ्यांच्या खोलीत अत्तर, पावडर, काही चालायचं नाही. एकदा एक बडे साहेब सेंट लावून आले, तर सरांनी त्यांना दारातच अडवलं. "थांबा साहेब, आत बाळंतिणी आहेत!"

*

खंडेनवमीला आम्ही लॅबमधल्या मशिनींची पूजा करतो. सूक्ष्मदर्शकाला हार, फ्रीजला कुंकू. त्या वर्षी अगरबत्ती संपली. सरांनी स्वतः दुकानातून पुडा आणला आणि भक्तिभावानं दोन्ही खोल्यांत लावली. पुड्यावरचं वाचतंय कोण? डास मारायची होती!

सुट्टीनंतर दारं उघडली. वस्ताद मजेत खात होत्या. भोळ्या डबीडबीत आडव्या. सर खुर्चीत बसले ते उठेनात. मॅडम भिंतीला टेकून रडायला लागल्या.

मी एकेक डबी उजेडात धरून बघत बसलो. दुपारी पाच-सहा जणी हलताना दिसल्या. या वयात पळत गेलो.

"मॅडम, रडू नका! भोळ्यांतल्या ह्या बघा. एवढ्या धुरातून वाचल्या! ह्यांचीच पैदास वाढवू!"

मॅडमनी डब्या हातात घेतल्या. अळ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या सदऱ्यावरचं पीठ हळूच झटकलं. "मामा, धुरातून वाचल्या त्या भोळ्या कुठं राहिल्या?" म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.