सिस्टरबाईंचे कोरडे साचे

सिस्टरबाई माणसं तोंडावरून नाही, जन्मावरून ओळखायच्या. राहात्याच्या बाजारात मिशीला पीळ देत चाललेला एखादा बाप्या दिसला की भर रस्त्यात हाक मारत, "ए, तू निळा पडला हुतास रं! उलटा धरून चापट्या मारल्या तवा रडलास." बाप्याचा मिशीवरचा हात आपोआप खाली यायचा. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी उभं आयुष्य बाळंतपणं केली आणि त्यातलं एकही त्या विसरल्या नव्हत्या. मी पायांकडून जन्मले, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव कायमचं 'पायाळू'. पायाळूची लाथ लागली की उसण उतरते म्हणतात, म्हणून स्वतःच्या पाठीत उसण भरली की मला बोलावणं यायचं. "औषध हाय गं माझ्यापाशी, पन तुझी लाथ फुकट हाय," असं म्हणून नर्सबाई पालथ्या पडायच्या.

लग्न त्यांनी केलं नाही. चर्चच्या मागे दोन खोल्यांत एकट्याच राहत. पुण्याचा भाचा दर महिन्याला 'आत्या, चल आता माझ्याकडे' म्हणायचा. भाचा चांगला होता, सूनबाईही चांगली होती, पण सिस्टरबाईंना आपलं घर सोडायचं नव्हतं. त्यांनी भाच्याशी एक करार करून टाकला होता. "जवर माझं ध्यान हाय तवर मी हितंच. ध्यान गेलं असं मला वाटलं, की गप तुझ्या गाडीत बसन." डोळ्यांत काचबिंदू, गुडघ्यांत वात, पण आठवण अशी लख्ख, की भाचा दर वेळी हात हलवत परत जायचा.

आता साच्यांचं सांगते. दवाखान्यातली जर्मन नर्स-मॅडम मायदेशी परत गेली, तेव्हा तिनं आपल्या आजीचे बिस्किटांचे चार लाकडी साचे सिस्टरबाईंच्या हाती दिले. एकावर घोडागाडी, एकावर फुलांची परडी, एकावर नवरा-नवरी आणि चौथ्यावर दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ. सगळं उलटं कोरलेलं, आणि इतकं बारीक, की बाळाच्या दुपट्याची शिवणसुद्धा बोटाला लागे. आमच्या घरी तीन पिढ्या पाडव्याच्या गाठी होतात, त्यामुळे साचा म्हणजे काय ते मला कळतं. पण आमचे साचे सागवानी, खोल आणि दणकट. हे नाशपतीच्या लाकडाचे. त्या लाकडाला रेषा नसतात, म्हणून सुरी कुठेही वळते, असं मॅडमनं त्यांना सांगितलेलं.

मॅडमकडून ऐकलेलं सगळं सिस्टरबाई आम्हाला घरच्यासारखं सांगायच्या. तिकडे म्हणे मधाची भाकर करणारा आणि मेणबत्त्या करणारा एकच माणूस असायचा, कारण मध आणि मेण निघतं एकाच पोळ्यातून; मग तो एकाच साच्यात सकाळी पीठ दाबायचा न् दुपारी मेण ओतायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना चित्राच्या बिस्किटातून गोष्टी कळायच्या. लग्न ठरलं की नवरा-नवरीचं बिस्कीट, मूल झालं की बाळाचं. "आपन पेढं वाटतो, त्ये लोक मानसाचं चित्रच वाटायचं," असा त्यांचा खुलासा असे.

नाताळच्या आधी त्यांच्याकडे हे काम निघायचं. अंडी, पिठीसाखर, मैदा आणि बडीशेप. साचा साफ करायला दाढीचा कोरा ब्रश लागे. दुकानदार दर वर्षी विचारायचा, "सिस्टर, दाढी कुनाची?" आणि त्या दर वर्षी म्हणायच्या, "तुझ्या बायकोला इचार." ठसा उठवलेली बिस्किटं रात्रभर खाटेवर मलमलीखाली वाळत आणि त्या स्वतः सतरंजी टाकून जमिनीवर झोपत. वरचं चित्र सुकून घट्ट झालं, की भट्टीत बिस्कीट फक्त खालून फुगतं. त्या फुगलेल्या कडेला मॅडमच्या देशात पाय म्हणतात. सकाळी बेकरीवाल्याच्या पावाच्या भट्टीची आच उतरली की ट्रे आत जाई आणि सिस्टरबाई बाहेरून ओरडत, "पाय फुटलं का रं?" बेकरीतल्या पोरांच्या हातून दोन-चार बिस्किटांना खरोखरच पाय फुटायचे, तेही त्यांना ठाऊक असे. मग ज्या ज्या घरी त्या वर्षी मूल जन्मलं, त्या घरी बाळाचं एकेक बिस्कीट जाई. घर मराठ्याचं, बौद्धाचं की ख्रिस्ती, हे त्यांनी कधी पाहिलं नाही.

गेल्या दिवाळीत त्यांनी मला बोलावलं. डोळ्यांना आता जेमतेम उजेड-अंधार कळत होता. जुन्या पांढऱ्या साडीत गुंडाळलेले चारही साचे त्यांनी माझ्या मांडीवर ठेवले. "औंदा तू कर. तुमच्या घरात साचं जपत्यात. येकच गोष्ट, पानी दाखवायचं न्हाई. कोरडा बरश, कोरडं पीठ." मी उठले तेव्हा दारापर्यंत चाचपडत आल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "पानी दाखवायचं न्हाई हां."

मी ऐकलं. दोन्ही वेळा नीट ऐकलं. पण मनात म्हटलं, म्हातारीला काय माहीत! लाकडाला आधी पाणी पाजल्याशिवाय साखर सुटत नाही, हे मी चालायच्या आधी शिकले. गाठींचे साचे आम्ही रात्रभर हौदात बुडवून ठेवतो. आणि हे तर किती वर्षांचे तहानलेले. मायेनंच मी ते घमेल्यात भिजत घातले, आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात ठेवले. दुपारी वर गेले तर घोडागाडी आणि परडी द्रोणासारखी वाकलेली, नवरा-नवरीच्या कडेला चीर, आणि बाळाच्या साच्याचे कपाळापासून पायांपर्यंत सरळ दोन तुकडे.

आमचे साचे कोरणाऱ्या नगरच्या सुताराकडे गेले. त्यानं तुकडे जोडून पाहिले, उजेडात धरले आणि परत माझ्या हातात दिले. "ताई, चिकटवतो म्हनलं तर चिकटंल. पन शिवन ऱ्हाईल, आन् ती पिठावर उठंल."

तुकडे घेऊन मी सिस्टरबाईंपुढे बसले. त्यांनी बोटं फिरवली. चिरेवर बोट थांबलं. "पानी लावलं व्हय?"

मी हो म्हटलं.

मला वाटलं, आता बोलतील, बोलून घेतील आणि मोकळ्या होतील. पण त्यांनी अगदी हळू विचारलं, "मी तुला सांगितलं न्हाई का गं?"

त्या क्षणी 'सांगितलं होतं, दोनदा' एवढे तीन शब्द मला बोलायचे होते. मी गप्प बसले. लाज वाटण्याआधी मला हायसं वाटलं, हे मी आज कबूल करते. "ऱ्हायलं वाटतं सांगायचं," त्या म्हणाल्या आणि तुकडे साडीत गुंडाळायला लागल्या. माझी चूक त्यांनी उचलून स्वतःच्या पदरात घेतली आणि मी घेऊ दिली.

वाटलं होतं, विषय संपला. पण आठवड्याभरात त्या बेकरीवाल्याला सांगत होत्या, फादरना सांगत होत्या, "पोरीचा दोष न्हाई. माझंच ध्यान ऱ्हाईना आता." आणि एका रविवारी त्यांनी आपण होऊन भाच्याला फोन लावला. "ये बाबा. करार म्हंजी करार."

मी धावत गेले. खाटेवर बॅग भरलेली होती. मी त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. तुम्ही सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं, एकदा साचे देताना, एकदा दारात. मीच ऐकलं नाही आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खरं लपवलं.

सिस्टरबाई हसल्या. "किती गं खुलवून सांगतीस!"

"देवाशपथ खरं आहे, सिस्टरबाई. 'पानी दाखवायचं न्हाई, कोरडा बरश, कोरडं पीठ,' हेच शब्द होते तुमचे."

"त्ये तर मॅडमचं वाक्य. तू ल्हानपनापासून शंभरदा ऐकलंयस माझ्या तोंडून." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मला वाईट वाटू नये म्हनून सोताच्या अंगावर घेतीस व्हय? लई गुनाची हायस."

मी रडले, तर त्यांना वाटलं त्या चालल्या म्हणून रडते. भाच्याला सांगितलं, तर तोही मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुमची माया कळते. पण आता तिनंच ठरवलंय, नका अडवू." मग त्यांची बॅग मीच गाडीत ठेवली.

आता मी दर रविवारी पुण्याला फोन करते. आवाज तोच आहे, खणखणीत. पण कुठलीही गोष्ट सुरू करण्याआधी त्या थांबतात आणि विचारतात, "हे मी तुला सांगितलंय का गं आधी?"