बिबडीवर घेतलेलं माप

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या मेव्हण्यांच्या गिअरबॉक्सचं माप खाल्लं. मुद्दाम नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी बायकोला माहेरी सोडायला गेलो होतो. अंगणात खाटांवर जुन्या साड्या पसरून बिबड्या, म्हणजे आमचे खान्देशी मोठे पापड, वाळत घातल्या होत्या, आणि अर्धवट वाळलेली ज्वारीची बिबडी दिसली की खान्देशी माणसाचा हात त्याला न विचारताच पुढे जातो. त्यातली एक जरा जाड होती. मधोमध वाटीएवढं भोक, कडेकडेने बोटाएवढी भोकं. वहिनींचा, म्हणजे मेव्हण्यांच्या बायकोचा, हात आता चुकायला लागला असं समजून मी मोठ्या मनाने तीच उचलली, चांगल्या बिबड्या कशाला कमी करा म्हणून. निम्मी संपली तेव्हा मागे काठी टेकल्याचा आवाज आला. मेव्हण्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "दाजी, तुम्ही मन्हा गिअरबॉक्स खाई ऱ्हायनात."

तापीपासून सातपुड्यापर्यंत जेवढी माणसं राहतात त्यांत, दुकानातून आणलेली वस्तू जशीच्या तशी वापरायची नाही असा नेम पाळणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मोठा भाऊ आहे. वस्तू बनवणाऱ्याने तिचं काम अर्धवट सोडलेलं असतं आणि उरलेलं अर्धं आपल्यासाठी ठेवलेलं असतं, अशी त्यांची श्रद्धा. आमच्या लग्नात त्यांनी कुकर दिला, पण शिट्टी आधीच बदलून. शेजारच्या कुकरशी आवाजाची गल्लत नको म्हणून. ती शिट्टी अजून वाजते आणि ती वाजली की आमच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात. सासूबाईंना उभं राहणं जमेनासं झालं तेव्हा त्यांनी देव्हाऱ्यातल्या घंटेला मोटरसायकलच्या ब्रेकची वायर जोडली आणि दुसरं टोक मूठ लावून खाटेपर्यंत आणलं. सासूबाई शेवटपर्यंत पडल्या पडल्या घंटा वाजवत, मनात येईल तेव्हा. त्या घरात देवाला दुपारची झोप कशी ती माहीत नव्हती.

सल्ला मात्र ते सगळ्यांचा घेतात. ऐकायचा म्हणून नव्हे, आपलं ठरलेलं आहे ते आणखी घट्ट व्हावं म्हणून. एका वर्षी सगळा गाव केळी लावत होता. यांनी घरोघर जाऊन विचारलं, काय लावू. सगळे म्हणाले केळी. यांनी सगळ्यांचे आभार मानून पपई लावली. मलाही ते नेहमी विचारतात. मी कचेरीत फायली हलवणारा माणूस, पाना आणि पक्कड यांतला फरक मला अजून अंदाजाने ओळखावा लागतो. पण माझं मत ते डोळे मिटून, मान हलवत, पूर्ण ऐकून घेतात. इतक्या आदराने माझं म्हणणं आजवर कोणी टाकून दिलेलं नाही.

या सगळ्यात त्यांचा जीव की प्राण म्हणजे त्यांची जुनी जीप, चारही चाकांना जोर लागणारी. पुरुषोत्तमनगरच्या पलीकडच्या त्यांच्या मळ्यातून ती जीप दर आठवड्याला मोलगीच्या बाजाराला निघायची. आणायचं काय, तर आमचूर आणि भगर, जी शहाद्यात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. खरं काम म्हणजे बाजारात एका ओट्यावर बसून डोंगरातल्या जुन्या मित्रांशी गप्पा मारणं. त्यांची बोली आपल्याला उत्तम येते असं मेव्हणे सांगतात. मित्रांचं यावर काय म्हणणं आहे ते मी विचारलेलं नाही. उतरताना वाटेत दिसेल त्याला ते जीपमध्ये घेत, आणि एखादी जागा रिकामी राहिली तर घरी येऊन वहिनींना काहीतरी चुकल्यासारखं सांगत.

त्या उन्हाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा लगेच परतली. इतकी परतली की डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन हे आधीपासूनच असे बोलतात का, अशी चौकशी केली. हात परतला. डावा पाय मात्र मागे राहिला. चालताना तो ओढावा लागे, आणि दाबायला सांगितलं तर ढिम्म. हा पाय आता क्लच दाबायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. सुरतेहून मुलगा आला तो क्लच नसलेली छोटी नवी गाडी घेऊनच. मेव्हण्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "गावमा फिराले चांगली शे," ते म्हणाले. "पन घाटमा ती माले वर लई जाई, का मी तिले?" मुलगाही त्यांचाच. त्याने जीपला गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. बापलेकांत शेवटी असं ठरलं की आखाजीपर्यंत बापाने जीप स्वतः चालवून दाखवायची, नाहीतर आखाजीला ती गिऱ्हाइकाच्या दारात जायची.

पाय बदलता येत नाही म्हटल्यावर त्यांनी जीप बदलायला घेतली. धुळ्याच्या भंगारातून आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स आणला. अडचण एवढीच, की त्याच्या मागे जीपची ट्रान्सफर केस बसवायची होती. ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणारा लोखंडी डबा. हा गिअरबॉक्स आणि तो डबा वेगवेगळ्या घराण्यांतले, एकमेकांची भोकं जुळेनात, दाते जुळेनात. दोघांच्या मध्ये घालायला अॅडॅप्टर, म्हणजे मधला जोड, हवा होता आणि भंगारवाल्याकडे तसे दोन-तीन होते. "दोन्ही घरं चांगली शेतस," मेव्हणे मला समजावत, "मधला मानूस देखीसन लेवा लागी." योग्य तो निवडायला भंगारवाल्याने माप मागितलं. कागद तेलाने फाटला. मग त्यांनी वहिनींच्या पातेल्यातला, बिबड्यांसाठी शिजवलेला गरम घाटा उचलला, ओल्या फडक्यावर गिअरबॉक्सच्या तोंडावर थापला, बोटाने भोकं पाडली आणि ती बिबडी इतर बिबड्यांच्या शेजारी वाळत घातली. माझी आणि तिची भेट झाली ती तिथे.

माझ्या हातात उरलेला अर्धा तुकडा घेऊन ते तडक पडवीत गेले आणि गिअरबॉक्सवर ठेवून पाहिला. भोकं भोकांवर येईनात. फिरवून पाहिलं, उलटून पाहिलं. सगळी भोकं आतल्या बाजूला सरकलेली. त्यांचा चेहरा उतरला. दारात उभी राहून माझी बायको बघत होती. "भाऊ," ती म्हणाली, "बिबडी वाळनी का लहानी व्हस. तुले काय वाटनं, वाळीसन ती मोठी व्हई?" वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. जन्मभर बिबडी फक्त ताटात पाहिलेला पुरुष आणखी काय करणार? मेव्हण्यांनी तुकडा खाली ठेवला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून जाहीर केलं, "दाजीस्नी मुद्दाम खादी. त्यास्ले शंका उनी व्हती." संध्याकाळपर्यंत गावभर माझ्या तांत्रिक बुद्धीचं कौतुक झालं. मी ते नाकारलं नाही.

मग गिअरबॉक्स आणि डबा दोन्ही ट्रॉलीत घालून आम्ही शहाद्याच्या लेथवाल्याकडे गेलो. भंगारवाल्याने सगळे अॅडॅप्टर तिथेच पाठवले होते. त्यात एक लांब आणि चकचकीत होता. भोकं जुळत होती, दातेही जुळत होते, जणू याच दिवसाची वाट पाहत होता. दुसरा आखूड आणि गंजलेला. त्याचे दाते जुळत होते, पण भोकं नव्याने पाडावी लागणार होती. लेथवाला म्हणाला, "काका, लांबवाला आजच बशी जाई. आखाजी जवळ उनी." मीही लांबच म्हटलं. मेव्हण्यांनी डोळे मिटून आमचं ऐकून घेतलं आणि आखूड उचलला. जीप मुळात आखूड. लांब जोड घातला की डबा मागे सरकणार, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा तोकडा आणि तिरका होणार, आणि चढावर तो कधीतरी मोडणार. हे त्यांनी एका दमात सांगितलं आणि पुढे म्हणाले, "जीप गयी ते जावो. पन मन्हा हातनी ती घाटमा मोडाले नको." ते ऐकून मी माझं मत पहिल्यांदाच मनापासून मागे घेतलं.

आखाजीच्या सकाळपर्यंत काम चाललं. गिऱ्हाईक यायच्या आधी जीप मळ्यातून निघाली, गावाला वळसा घालून परत आली. चालवायला मेव्हणे एकटे होते. मुलाने फोन काढला आणि गिऱ्हाइकाला स्वतःच नाही म्हणून सांगितलं. बापाकडे पाहताना त्याची छाती अशी फुगली होती, जणू जोड यानेच निवडला असावा.

पुढच्या बाजाराला त्यांनी मला शेजारी बसवून मोलगीला नेलं. घाट लागला. जीप वर चढत होती, गिअर आपले आपण पडत होते, आणि याचा त्यांना थोडासा अपमान वाटत असावा, कारण प्रत्येक वळणावर ते ओठ घट्ट मिटत. माझं लक्ष सहज खाली गेलं. प्रत्येक वळणाच्या आधी त्यांचा डावा पाय टाचेवर उचलला जात होता आणि जिथे पूर्वी क्लच होता आणि आता काहीच नव्हतं तिथे, रिकाम्या पत्र्यावर, हळूच दाबला जात होता. डॉक्टरांनी ढिम्म म्हणून सोडून दिलेला तोच पाय. त्यांना पत्ताही नव्हता. ते समोर डोंगराकडे बघत होते. मीही मान वर करून डोंगराकडे बघायला लागलो.

संध्याकाळी परत आल्यावर बायकोला एकटीला गाठून हे सांगितलं. ती बराच वेळ आमचुराच्या पिशवीची गाठ सोडवत राहिली. सुटेना, तरी सोडवत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "हाई भाऊले सांगू नका. समजनं ते तो परत क्लच बसाडी लेई."