आत्याने न धुतलेले बूट

आमच्या आत्याचं सारं आयुष्य जंतू मारण्यात गेलं. हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सफाई तिच्याकडे होती आणि घरातही ती कुणाला सुखाने पाय ठेवू देत नसे. आम्ही भाचरं तिच्या पाठीमागे तिला ‘फिनेल’ म्हणायचो. तिला ते ठाऊक होतं, आणि थोडं आवडतही असावं.

आतोबा गेले आणि परसात त्यांची रासबेरीची रांग राहिली. ती त्यांचा जीव की प्राण. आत्याने ती आपल्या पद्धतीने सांभाळली: मुळं उकरून नळाखाली धुवायची, वर मातीला जंतुनाशक पाजायचं. पानं पिवळी पडली, मुळं कुजली. शेवटी एकच झाड तग धरून होतं.

“हेही गेलं तर त्यांचं काही उरणार नाही गं,” म्हणून ती रडली. आत्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी तिला रोपवाटिकेत नेलं. तिथल्या बाईंनी ऐकून कपाळावर हात मारला. “अहो ताई, मातीतले चांगले जंतूही मेले की! तेच तर मुळांना जपतात.” त्यांनी एक निरोगी मूळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आत्या वाकली ती उठेचना. मुळातून केसाहून बारीक धागे निघून मातीच्या कणाकणाला बिलगले होते. “ही बुरशी, लांबून पाणी ओढून मुळाला देते,” बाई म्हणाल्या.

“ही एवढीशी बुरशी झाडाला पाणी आणून देते?”

“आणि झाड तिला साखर देतं.”

“बाई गं! आणि मी यांना फिनेल पाजत होते!” तिच्या अंगावर काटा आला होता. माझ्याही.

बाईंनी अशाच बुरशी-जिवाणूंच्या भुकटीची पुडी दिली. “तुमच्या वाफ्यातली जुनी, न धुतलेली माती मिळाली तर सोन्याहून पिवळं.”

आत्याच्या घरात न धुतलेलं! मला हसू फुटलं. आत्या हसली नाही. घरी येऊन तिने कपाटामागून आतोबांचे गमबूट काढले. तळाच्या खाचांत चिखल वाळून बसला होता.

“हे धुवायला हातच होईना,” ती म्हणाली. चिखल खरवडताना मध्येच थांबली. “हाही वाया गेला तर?” मग तिने तो भुकटीत कालवला, हातमोजे बाजूला ठेवले आणि उघड्या हातांनी मुळांना लेप दिला.

वसंतात तिचा फोन आला. शेजारी बाळ झोपलं असावं तशी कुजबुजत होती. “आले गं.”

धावत गेले. झाडाभोवती जमिनीतून कोवळे कोंब वर आले होते, आणि आत्या त्यांच्यापुढे हात जोडून बसली होती. पायात आतोबांचे ढगळ बूट, चिखलाने बरबटलेले. मी सवयीने बादली उचलली.

“खबरदार,” ती ओरडली, “बुटांना पाणी लावलंस तर!”