आप्पांच्या खिशातला गूळ

"शेवंताकडं कधी जायचं?" असं आप्पांनी फोनवर तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी ऑफिसात रजा टाकली. शेवंताआत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण, तिकडे शाहूवाडीच्या डोंगरात राहते. तिचे गुडघे गेलेत. आप्पांना सत्त्याहत्तर पूर्ण झाली, शिवाय इन्सुलिन चालू. बहीण-भावाची दोन वर्षं भेट नव्हती. आता नाही तर कधी, हे सगळ्यांच्या मनात होतं, फक्त तोंडाने कुणी म्हणत नव्हतं.

पुण्याहून कळंब्याला आई-आप्पांकडे पोचले ती यादी घेऊनच. शुगर मोजायचं यंत्र, इन्सुलिनसाठी बर्फाचा थर्मास, गोळ्यांची डबी, बिनसाखरेची बिस्किटं. एका दिवसासाठी एवढं कशाला, असं आईने विचारलं, तर मी तिला गप्प केलं. प्रवास म्हटला की मला धास्ती वाटते आणि ती मी इतरांवर डाफरून घालवते. घरचे आता सवयीने ऐकून घेतात.

सकाळी नऊला माझ्या गाडीने निघालो. रत्नागिरी रस्त्याने मलकापूरपर्यंत एरवी दीड तास पुरे, पण रुंदीकरणाची कामं चालू आहेत, त्यामुळे म्हातारी माणसं बरोबर असतील तर दोन तास धरा आणि पाठीला उशी घ्या. बांबवड्याला चहाला थांबलो. पंधरा रुपयांत चांगला घट्ट चहा मिळाला, आप्पांना बिनसाखरेचा. त्यांनी तोंड पुसायला रुमाल काढला आणि त्याबरोबर खिशातून कागदाची पुडी खाली पडली. आत गुळाचा खडा. इन्सुलिन घेणारा माणूस खिशात गूळ घेऊन फिरतोय! मी तिथेच दोघांना फैलावर घेतलं आणि पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. आप्पांनी उरलेला चहा संपवला. आई हॉटेलच्या खिडकीबाहेर बघत बसली.

मलकापूरच्या पुढे रस्ता अरुंद होतो, पण दोन्ही बाजूंना भाताला लोंब्या आलेल्या, हवा गार. या दिवसांत जरूर जा. मी मात्र अर्ध्या वेळ आरशातून आप्पांचा चेहराच बघत होते.

आत्या काठी टेकत दारापर्यंत आली. भावाच्या तोंडावरून हात फिरवून रडली. रीतीप्रमाणे सुनेने तांब्या आणि बशीत गूळ आणला. मी बशी परत पाठवली, त्यांना शुगर आहे म्हणून. आत्याचा चेहरा उतरला, तरी तिने सांभाळून घेतलं. जेवण तयारच हाय, पाय धुवा, ताटं वाढतीया, म्हणाली. जेवणाआधीचं इंजेक्शन वेळेवर हवं, म्हणून मी लगेच सुई काढली. आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मी तिला हातानेच थांबवलं आणि इंजेक्शन दिलं.

भाजी-भाकरी खरंच तयार होती. पण दोन वर्षांनी आलेल्या भावापुढे नुसती भाजी-भाकरी वाढायची, हे आत्याला आयत्या वेळी जड गेलं. तिने गुपचूप मुलाला मटण आणायला पिटाळलं. आम्ही बाहेर ओसरीवर, मला पत्ता नाही. पाट्यावर खोबरं वाटल्याचा आवाज आला तेव्हा मी घड्याळ बघितलं. सुई टोचून पाऊण तास होऊन गेला होता आणि आप्पांच्या पोटात काही नव्हतं.

आप्पा बोलायचे थांबले होते. कपाळावर घाम, बोटं थरथरत होती. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, आत चाचपला आणि तसाच राहिला. तो खिसा मीच रिकामा केला होता. यंत्रात चोपन्न आकडा आला. शुगर इतकी खाली गेलेली आणि माझ्या सगळ्या पिशव्यांत साखरेचा एक कण नव्हता. तरी मी त्या पुन्हा उपसत बसले.

आई उठली. आत जाऊन ती मघाचीच बशी घेऊन आली, आप्पांच्या तोंडात गूळ घातला, वर पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं तेव्हा आकडा वर आला. मग पहिल्यांदा साधी भाकरी-भाजीच खाल्ली त्यांनी. आत्या बाजूला बसून स्वतःलाच बोल लावत होती. मटण शिजल्यावर आप्पांनी वाटीभर पांढरा रस्सा मागून घेतला आणि तिला हसवलं.

परतीच्या वाटेवर आप्पा झोपले. मी आईला विचारलं, बांबवड्याला बोलली का नाहीस?

"डाक्टरनीच सांगितलंय, खिशात गूळ ठेवा म्हणून. रोज मीच घालते की," आई म्हणाली. "आणि ताट म्होरं आल्याबिगर सुई टोचायची न्हाई, ही आमची रीत हाय. तू रोज फोनवर शुगर किती ते इचारतीस. आम्ही कसं करतो, ते कधी इचारलंस का?"



पुण्याला येऊन तीन आठवडे झाले. तुम्ही आई-वडिलांना घेऊन निघणार असाल तर गोड काहीतरी हाताशी ठेवा. आणि निघायच्या आधी, रोज त्यांच्याजवळ असणाऱ्या माणसाचं ऐकून घ्या. माझी भीती काही गेली नाही. फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं. पण परवा मी आकडा विचारला नाही. आज दिवसभराचं कसं कसं केलंस, असं आईला विचारलं. ती चांगली दहा मिनिटं सांगत होती.

"माझी बीपीची गोळी संपलीया बघ," फोन ठेवता ठेवता म्हणाली. "चार दिवस झालं."