कुलूप दिसलं तरच भरा

हर्सूलच्या रस्त्याला माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. एक झेरॉक्स मशीन, दोन कॉम्प्युटर आणि माझी जीभ, एवढ्यावर चालतं. गिऱ्हाईक म्हणतं, काकूंचं काम चोख, पण बोलणं लई तिखट. म्हणेनात का! दिवसभर एकच गोष्ट दहा जणांना दहादा सांगून बघा, मग कळेल.

दुकानाच्या भिंतीवर लाल स्केचपेननं लिहून, लॅमिनेट करून मी एक कागद लावला होता : कुलूप दिसलं तरच भरा. आम्हा दुकानवाल्यांचं एकदा अर्ध्या दिवसाचं शिबिर झालं होतं, तिथं ऐकलेलं. शिकवणाऱ्या सरांनी खरं तर दोन गोष्टी सांगितल्या होत्या. वेबसाईटच्या पत्त्याशेजारी बारीक कुलूप दिसतंय का बघा, ही एक. दुसरी, तो पत्ता शेवटपर्यंत वाचा. कारण कुलपाचा अर्थ एवढाच, की तुम्ही लिहिलेलं मधल्यामध्ये कुणी वाचत नाही. ते ज्याच्या हातात पोचतं तो साव की चोर, हे कुलूप सांगत नाही. दोन्ही गोष्टी मी वहीत उतरवून घेतल्या. कागदावर मात्र एकच लिहिली. एवढं लांबलचक कोण वाचतंय, असं मला वाटलं.

आमच्या घरी दूध फुलंब्रीहून येतं. दूधवाले भाऊ रोज सकाळी मोटरसायकलला कॅन अडकवून येतात, गेली कैक वर्षं. त्यांची पोरगी नर्सिंग शिकली. तिचे सगळे फॉर्म मीच भरले. सरकारी दवाखान्यात तिची निवड झाली तेव्हा भाऊंनी दुधाच्या प्रत्येक घरी पेढा दिला. आता फक्त कागदपत्रांची आणि चारित्र्याची पडताळणी राहिली होती. त्यांच्या घरातली ती पहिलीच सरकारी नोकरी होती.

तिचा फोन आला तो दिवस माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती, त्यात सर्व्हर बंद. माझं डोकं आधीच फिरलेलं.

"काकू, मेसेज आलाय," ती म्हणाली. "आज पाचच्या आत पडताळणी नाय केली तर निवड रद्द म्हणं. लिंक उघडलीय. आधार, सही, सगळंच मागतंय. व्हिडिओ पण काढा म्हणतंय. भरू का?"

"कुलूप हाय का?"

"हाय की."

"मग भर ना बाई! तो कागद मी काय शोभेला लावलाय का?"

आणि मी फोन ठेवून दिला. तिनं केस नीट विंचरले, पांढरा कोट घातला, सरकारी काम म्हणून. आधारकार्ड हनुवटीखाली धरलं. डावीकडं बघा म्हटलं, डावीकडं बघितलं. उजवीकडं बघा, डोळे मिटून उघडा, तेही केलं. ओटीपी आला तसा तीनदा टाकला. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं, अगदी शांतपणे. त्या शांतपणाचीच मला धास्ती वाटली.

आठवडाभर काहीच झालं नाही. मग तिला फोन यायला लागले. एक बाई 'माझे पैसे परत दे' म्हणून रडत रडत शिव्या घालत होती. एका माणसानं तर 'तुझं गाव शोधून काढतो' म्हणून दम दिला. पोरीला काही कळेना. एका दुपारी भाऊ दुकानात आले. भाऊ दुपारी कधी येत नाहीत. त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला.

पडद्यावर त्यांची पोरगी होती. पांढरा कोट, नीट विंचरलेले केस, खाली लिहिलेलं : पडताळणी अधिकारी, आणि तिचाच मोबाईल नंबर. ती डावीकडं बघत होती, उजवीकडं बघत होती, डोळे मिटत होती, उघडत होती. आणि वर कुणा दुसऱ्याच बाईचा गोड आवाज : घाबरू नका, खालच्या लिंकवर माहिती भरा.

तिला आलेली लिंक मी मोठ्या कॉम्प्युटरवर उघडली. खात्याचं नाव बरोबर, रंग बरोबर, शिक्का बरोबर. पत्ता मात्र शेवटी जिथं सरकारी 'gov.in'नं संपायला पाहिजे, तिथं भलतंच काहीतरी होतं. शेजारी कुलूप होतंच, व्यवस्थित लावलेलं. अगं बाई गं, एवढंच माझ्या तोंडून निघालं.

आम्ही तिघं सायबर पोलिसांकडं गेलो. तिच्या नावावर दोन सिमकार्डं निघाली होती, आणि दुसऱ्या जिल्ह्यातून तिच्याच विरुद्ध फसवणुकीची तक्रारही आलेली होती. साहेब सरळ बोलत होते, एकेक विचारत होते. व्हिडिओ तुझाच ना? व्हय साहेब. ओटीपी तूच दिलास? व्हय. तुला कुणी भर म्हणून सांगितलं होतं?

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "कुणी नाय. माझं मीच भरलं."

मला बोलायला पाहिजे होतं. चोवीस तास चालणारी ही जीभ, तेव्हा टाळूला चिकटली. मी पर्स मांडीवर घेऊन बसून राहिले. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

चौकशी संपेपर्यंत रुजू करून घेता येणार नाही, असं दवाखान्याचं पत्र आलं. भाऊ दूध आणतात. पूर्वी दारात दोन शब्द बोलायचे, आता माप ओतलं की गाडीला किक मारतात.

परवा पोरगी चौकशीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला आली होती. गाडीवर पोरी बांधतात तसा तोंडाला स्कार्फ. हल्ली ती तो दुकानातही सोडत नाही. तेवढ्यात देवगाव रंगारीची एक बाई आली, हातात पिशवी आणि मोबाईल. पिशवीतले कागद तिनं काउंटरवर काढून ठेवले.

"मुलाच्या नोकरीचं हाय. या मॅडमनं सांगितलंय, इथं भरा म्हणून. तुमच्या कागदावर लिवलंय तसं कुलूपबी हाय, बघा."

तोच व्हिडिओ. डावीकडं, उजवीकडं. तो कागद मी अजून काढला नव्हता, हे मला तेव्हा उमगलं.

माझ्या आधी पोरगीच बोलली. "मावशी, भरू नका. ही मॅडम खोटी आहे."

"तुला गं काय ठावं?"

पोरीनं हळूच स्कार्फ सोडला.

बाईनं मोबाईलकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. काउंटरवरचे कागद तिनं दोन्ही हातांनी गोळा केले, पिशवी छातीशी धरली. "म्हंजी हितनंच चालतंय व्हय हे सगळं!" असं म्हणत ती मागच्या मागं पायऱ्या उतरली.

"अहो बाई, थांबा! तिनं काही केलं नाय! मी सांगितलं होतं तिला, मी!" मी ओरडले. हे मी पहिल्यांदाच कुणापुढं बोलले.

ती रस्ता ओलांडून रिक्षात बसलीसुद्धा. झेरॉक्स मशीन उरलेली पानं काढत होतं. पोरगी स्कार्फ परत बांधत होती.